ठिगळाची जागा

थंडीची चाहूल लागली की दोन तऱ्हेच्या घरांत कपाटं उघडतात. एका घरात जुनी लुगडी, विटलेली पातळं, विरलेली धोतरं बाहेर निघतात. दुसऱ्या घरात निघतात हौसेनं घेऊन कधीच न शिवलेले कापडाचे तुकडे, हळदीकुंकवातून आलेले ब्लाउजपीस आणि शिंप्याकडून परत आणलेली कात्रणं. दोन्ही घरांना गोधडीच करायची असते. पण ती कशाची करायची, कशी शिवायची आणि कुणाच्या अंगावर घालायची, यावर त्यांचं एकमत होत नाही. मला हा वाद मोलाचा वाटतो, म्हणून तो इथे दोघींच्या तोंडी घातला आहे.

आत्या निफाड तालुक्यातली, शेतकरी घरातली, साठी ओलांडलेली. तिच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. भाची पुण्याची, नोकरी करणारी, सुट्टीच्या दिवशी शिवणयंत्रावर बसणारी. दोघींच्या मध्ये जमिनीवर भाचीच्या कपाटातला सगळा साठा पसरला आहे. शेजारी आजीचं, म्हणजे आत्याच्या आईचं, एक सुती नऊवारी लुगडं घडी करून ठेवलं आहे.

भाची: आत्या, संक्रांतीच्या आत मला हा सगळा ढीग संपवायचाय. नवीन वीतभरही कापड आणायचं नाही. आहे त्यातच गोधडी करायची आणि कपाट मोकळं करायचं.

आत्या: आहे त्यात करतेस ते फार चांगलं. पण ढीग संपवायच्या नादात यात जे घालू नये तेही घालशील. आधी निवडायला बस.

भाची: निवडलंय ना. निळे एकीकडे, पिवळे-केशरी दुसरीकडे, फुलाफुलांचे वेगळे.

आत्या: रंगाचं मागाहून बघू. आधी कापड कशाचं आहे ते बघ. हा ओटीतला ब्लाउजपीस घे, त्याचा एक दोरा ओढ आणि काडी लाव. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होईल. बघ, आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा मणी झाला. हा पॉलिस्टर. बाजूला ठेव.

भाची: असं करत गेलो तर निम्मा ढीग बाजूला जाईल. ओटीत हल्ली सुती कोण घालतं? हे पीस न शिवता या घरातून त्या घरात फिरत असतात.

आत्या: जाऊ दे निम्मा. त्याच्या पिशव्या शिव. चिवट पॉलिस्टरला मऊ सुती जोडलंस की ओढ बसते ती सुतीला, आणि पहिल्याच हिवाळ्यात शिवणीलगत ते फाटतं. शिवाय धुतल्यावर एक आटतं, दुसरं जागचं हलत नाही. मग ठिगळांना सुरकुत्या पडतात. जरीचा काठ नको, तो अंगाला टोचतो. जाड जीन्स नको, हातातली सुई तिच्यातून निघत नाही.

भाची: धुण्याचं मला मान्य आहे. उलट मी तर म्हणते, आत्ता निवडलेलं सगळं कोरं कापड आधी पाण्यातून काढलं पाहिजे. त्यात खळ असते, आणि पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं. जुनं कापड आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं. दोन्ही तशीच जोडली तर नवं गोळा होतं आणि जुनं सैल पडतं. लाल आणि गडद निळ्याचा तर भरवसाच नाही. पांढरा फडका ओला करून त्यावर घासायचा. फडक्याला रंग लागला तर ते कापड रंग जाईपर्यंत धुवायचं, नाही तर काढून टाकायचं.

आत्या: हे बरोबर केलंस. आम्हाला ही अडचण कधी आली नाही, कारण आमच्याकडे गोधडीत कोरं कापड येतच नव्हतं. वीस वेळा धुतलेलं, रंग जायचा तेवढा गेलेलं असंच यायचं. म्हणून तर तान्ह्या बाळाचं दुपटं जुन्या पातळाचं करायचे. त्याच्याइतकी मऊ वस्तू बाजारात मिळायची नाही.

भाची: आता खऱ्या मुद्द्यावर येऊ. आजीचं लुगडं. मला त्याचे चौकोन कापून गोधडीच्या बरोबर मधोमध लावायचेत. हा रुईफुलाचा काठ सगळ्यांना दिसला पाहिजे. बाकीचं कापड दुकानातून आलेलं आहे, घरातलं असं हे एकच आहे.

आत्या: मी त्याला मधे कात्री लावू देणार नाही.

भाची: म्हणजे पुन्हा ट्रंकेत ठेवायचं?

आत्या: मी कुठे तसं म्हटलं? ते गोधडीतच जाईल, पण आत जाईल, अख्खं. जरा उजेडात धर. काठ कसा टणक आहे अजून, आणि मधलं अंग बघ. पलीकडची खिडकी दिसते त्यातून. बसण्या-उठण्यानं विरलंय ते. आणि हा दंड बघ. मधला फार विरलेला भाग आईनं कापून काढला आणि दोन्ही टोकं जोडली. टाके इतके बारीक आहेत की बोट फिरवलं तरच शिवण कळते. म्हणून हे आता ९ वार भरायचं नाही, ८ वारच उरलंय. ८ वार म्हणजे २४ फूट. चार घड्या घाल, बरोबर ६ फुटांची एक घडी होते. एका माणसाच्या गोधडीचे चार थर आयते तयार.

भाची: पण मग ते दिसणार नाही, आत्या. ज्या कापडासाठी मी हे करतेय तेच झाकलं जाणार?

आत्या: वर काय काय होतं त्याचा विचार कर. वरच्या थराला पाय घासतात, पोरं ओढतात, गच्चीवर ऊन लागतं, धुताना तोच चोळला जातो. विरलेलं कापड वर लावलंस तर दोन हिवाळ्यांत त्याच्या चिंध्या होतील आणि तू हळहळत बसशील. आत गेलं तर त्याला ना ऊन, ना ओढ. वरून टाके त्याला धरून ठेवतात. जे कापड स्वतःचा भार पेलू शकत नाही, ते आत घालायचं. जे मजबूत आहे, ते वर. गोधडीत जागा ठरते ती कापडाच्या ताकदीवरून. कापड किती महागाचं, कुणाचं, किती लाडकं, हे त्यात येत नाही.

भाची: म्हणजे माझं हे दुकानातलं कोरं कापड वर?

आत्या: तेच वर. त्यात दम आहे. मी आल्या आल्या तुझ्या ढिगाला नाक मुरडलं असं तुला वाटलं असेल, पण वरच्या थराला असंच कापड लागतं. आमच्याकडे ते नसायचं. म्हणून आम्ही त्यातल्या त्यात धड उरलेलं, धोतराच्या कडेचं, सदऱ्याच्या पाठीचं कापड शोधून वर लावायचो. आणि काठ तुला दिसायलाच हवा असेल तर तोही दाखवता येईल. गोधडी सगळ्यात आधी कुठे फाटते?

भाची: कडेला.

आत्या: मग सगळ्यात चिवट कापड कडेला. लुगड्याचे दोन्ही काठ लांबीनं काढून घे. गोधडी ४ फूट रुंद, ६ फूट लांब. चहूबाजूंची कड २० फूट भरते. एक काठ २४ फुटांचा आहे, एकाच काठात कड पुरी होते. काठ गेल्यावर आतलं अंग थोडं अरुंद होईल, कडेपासून दोन बोटं आत राहील. तिथे काठच दुमडून येतो. तुझं रुईफूल चारी बाजूंनी दिसेल, आणि तिथे त्याचं कामही असेल.

भाची: हे मला पटलं. आता माझी एक शंका ऐक, आणि ती तुला आवडणार नाही. ऊब हाच मुद्दा असेल तर गोधडीची बाजू लंगडी आहे. पॉलिस्टर भरलेली हलकी रजई बाजारात मिळते, धुतली की लवकर वाळते. ऊब मुळात कापडात नसतेच, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. हवा एका जागी थांबली की तिच्यातून उष्णता फार सावकाश बाहेर पडते. पॉलिस्टरचे फुगीर तंतू थोड्या वजनात पुष्कळ हवा धरतात. गोधडी दाट, जड, चापून बसलेली. वजनाच्या मानानं ती कमी ऊब देते.

आत्या: असेल. पण रात्रभराचा हिशेब कर. अशा रजईत पहिल्या तासात उकडतं, घाम येतो, आणि पहाटे तोच घाम अंगावर गार पडतो. गोधडीत तसं होत नाही.

भाची: त्याचंही कारण आहे. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना कापूस स्वतःच्या वजनाच्या ७ ते ८ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून घाम कापसात मुरतो आणि पॉलिस्टरमध्ये अंगाशीच राहतो.

आत्या: आणि गोधडी जड असते म्हणून अंगाबरोबर बसते. कूस बदलली तरी बाजूनं वारा शिरत नाही. आमच्याकडे दारं फटींची, वर पत्रा. तिथे हे महत्त्वाचं ठरतं. तुझ्या फ्लॅटमध्ये हलकी रजई पुरेल, ते मी नाकारत नाही.

भाची: मग टाके जरा लांब लांब घालूया. टाके जवळ घातले की हवा दाबली जाते.

आत्या: फार लांब घातलेस तर आतलं विरलेलं लुगडं धुण्यात एका बाजूला गोळा होईल. दोन ओळींत बोटभर अंतर ठेव. त्यात ऊबही राहते आणि थरही हलत नाहीत.

भाची: बरं, आता शिवण्याचं. वरचा थर मी यंत्रावर जोडणार. ६ इंचाचे चौकोन, रुंदीला ८ आणि लांबीला १२, म्हणजे ९६. शिवणीसाठी पाव इंच सगळीकडून धरायचा, म्हणून कापताना साडेसहा इंचाचे. ३६ इंच पन्ह्याच्या पाऊण मीटर पिसातून असे २० चौकोन निघतात. पाच पिसांत काम भागतं, पण मला १६ वेगवेगळी कापडं हवीत, प्रत्येकाचे ६ चौकोन. एक फिकट, एक गडद असे आलटून पालटून. रंग निवडायला मी फोनवर कृष्णधवल फोटो काढते. रंग गेला की फिकट कुठलं आणि गडद कुठलं ते लगेच कळतं.

आत्या: एवढं आखून केल्यावर ती गोधडी कशाची? आमच्याकडे हाताला येईल ते कापड, बसेल तिथे ठिगळ. चिंधी चौकोनी असेल तर चौकोनी, तिरकी असेल तर तिरकी.

भाची: बसेल तिथे, असं तू म्हणतेस, पण तुझ्या गोधड्या मी पाहिल्यात. लाल ठिगळ कधी दोन शेजारी शेजारी आलं नाही. मधे एक मोठं, चहूबाजूंनी लहान, आणि कोपऱ्यात एकाच कापडाचे चार तुकडे. तू कागदावर आखत नाहीस, पण डोळ्यांनी आखतेस. तुकडे असतील तसे घ्यायचे म्हणजे विचार करायचा नाही, असं नसतं. उलट कापड मनासारखं नसतं तेव्हाच जास्त विचार करावा लागतो. उत्तर कर्नाटकात, कारवारच्या वरच्या रानात यल्लापूर-हल्याळकडे सिद्दी बायका कवंदी शिवतात. या मूळच्या आफ्रिकेतून आलेल्या लोकांच्या घरातल्या. त्या कवंदी कडेपासून शिवत आत जातात आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर घडी घातलेलं छोटं फूल लावतात. त्या फुलाशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. त्या फुलानं ऊब वाढत नाही. तरी ते लागतं.

आत्या: कडेपासून आत? तसंच आमचं. पहिली ओळ कडेनं, कोपरा आला की वळायचं, आणि फिरत फिरत मधे येऊन संपवायचं.

भाची: मला मात्र उलटं शिकवलंय. मधून सुरुवात करायची आणि बाहेर जायचं, म्हणजे सैल कापड कडेकडे सरकतं. कडेपासून आत गेलं तर मधे फुगा येतो.

आत्या: फुगा येतो तो थर नीट न मांडल्यामुळे. आधी जमीन झाडून पुसून घ्यायची. खाली तुझी जुनी पलंगाची चादर, त्यावर लुगड्याच्या चार घड्या, वर तुझे चौकोन. हातानं मधून कडेकडे सपाट करत जायचं आणि कोपऱ्यांवर जड डबे ठेवायचे. मग वीत-वीत अंतरावर सगळीकडे कच्चा टाका. तिथेच थर बांधले गेले. त्यानंतर कडेपासून जा नाही तर मधून जा, कापड हलत नाही. कड आधी बंद केली की एक फायदा होतो. मांडीवर ओढताना सुटे दोरे निघत नाहीत, आणि काम महिनाभर पडून राहिलं तरी बिघडत नाही.

भाची: महिनाभर म्हणालीस ते बरं झालं. मी हिशेब केलाय. बोटभर, म्हणजे पाऊण इंच अंतरानं ओळी घातल्या तर ४ बाय ६ फुटांच्या गोधडीत एकूण ३८४ फूट धावदोरा लागतो. इंचाला चार टाके धरले तर १८ हजारांहून जास्त टाके होतात. म्हणून मला वाटतं, हेही यंत्रावरच घालावं.

आत्या: सहा थर यंत्राखाली जातील का?

भाची: जातात, पण घरच्या साध्या यंत्रावर दाब वरून येतो आणि वरचा थर पुढे सरकतो. थर सारखे ओढणारा वेगळा पाय लावावा लागतो.

आत्या: त्यापेक्षा मोठं दुसरं कारण आहे. आतलं कापड विरलेलं आहे. यंत्राचा बारीक, घट्ट टाका एकाच रेषेत भोकं पाडत जातो आणि विरलेलं कापड त्या रेषेत फाटतं. हाताचा टाका सैल असतो, ओढ पडली तर कापडाबरोबर जातो. वरचे चौकोन यंत्रावर जोड, माझी ना नाही. सगळे थर एकत्र शिवताना मात्र हात लागेल. दोघी दोन बाजूंनी बसू.

भाची: कबूल. आता एक सांगू? गोधडीचं हे सगळं कौतुक मला कधी कधी खटकतं. ज्यांच्या घरी वाकळ होती त्यांनी ती हौसेनं नव्हती केली. एका वाकळेखाली तीन-तीन पोरं झोपायची आणि कडेचं पोर रात्रभर कुडकुडायचं. हातात चार पैसे आले की त्याच लोकांनी पहिल्यांदा सोलापुरी चादर घेतली. आज आपण पोटभर जेवून त्या चिंध्यांना संस्कृती म्हणतो. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा आणि चिंधेबुवा म्हणायचे. त्यांनी चिंध्या अंगावर घेतल्या त्या स्वतःहून. लोकांना देताना मात्र त्यांनी उघड्यानागड्यांना वस्त्र द्या, असं सांगितलं. चिंध्या द्या असं नाही सांगितलं.

आत्या: बरोबर बोललीस. आमच्याकडे पाव्हणा आला की चादर त्याला आणि वाकळ घरच्यांना. पाव्हण्यापुढे वाकळ टाकायची लाज वाटायची. ती लाज मी विसरले नाही आणि तिचं गाणं मी कधी करणार नाही. पण लाज होती ती नसण्याची. आईला शिवता यायचं त्याची लाज कशाला? कुठलं कापड अजून दोन वर्षं टिकेल, कुठलं आत घालायचं, दंड कुठे घालायचा, हे तिला हाताला कळायचं. गरिबी गेली ते चांगलंच झालं. तिच्याबरोबर हे कळणंही घालवायचं का? बोहारणीला दहा साड्या देऊन स्टीलचा डबा घ्यायचा आणि दुकानातून नवी रजई आणायची, यात तुझं काय वाढलं?

भाची: काही नाही. आणि ती पॉलिस्टरची रजई दर धुण्याला बारीक तंतू पाण्यात सोडते, ती फाटली तर कुणी शिवून देत नाही. ते खरं आहे. पण मी म्हणतेय ते एवढंच की गरज आणि हौस यांची गल्लत करायला नको. आज माझी गोधडी हौसेची आहे, हे मी मोकळेपणानं मान्य करते.

आत्या: हौसेला मोल नसतं. तिला काम मात्र असावं.

भाची: अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणावर गीज बेंड म्हणून एक गाव आहे. तिथल्या काळ्या बायकांच्या पूर्वजांना तिथल्या कापसाच्या शेतांवर गुलाम म्हणून राबवलं गेलं होतं. या बायका घरच्या माणसांच्या कामाच्या कपड्यांच्या, फाटक्या डेनिमच्या गोधड्या शिवायच्या. लाकडी घरांत थंडी शिरायची. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. १९७२ साली त्यांना सीअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयचे उशीचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. त्यातून उरलेल्या कॉर्डरॉयच्या कात्रणांच्या पुन्हा गोधड्या झाल्या. त्यांच्या एका नमुन्यात चौकोनाभोवती चौकोन घातलेला असतो, तुझ्या टाक्यांच्या ओळींसारखा. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं आणि जग बघायला आलं.

आत्या: भिंतीवर लावल्या?

भाची: भिंतीवर लावल्या.

आत्या: मग अंगावर काय घेतलं असेल? माझं त्या बायकांशी भांडण नाही, त्यांना मान मिळाला याचा मला आनंदच आहे. पण भिंतीवर गेलेली गोधडी काम करत नाही. तुझ्याबद्दलही मला तीच काळजी आहे. एवढी मोजूनमापून, रंग जुळवून केलीस की तुला ती वापरवणार नाही. पाहुणे आले की दाखवशील आणि घडी घालून ठेवशील. मग कपाटातून निघालेलं कापड पुन्हा कपाटातच गेलं.

भाची: तू म्हणतेस तसं होऊ शकतं. पण त्या प्रदर्शनात दुसरी एक गोष्ट झाली, ती मला फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक गोधडीखाली शिवणाऱ्या बाईचं नाव होतं. आपल्याकडे दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत. दोन-दोन दिवस वाकून त्या शिवतात आणि आपण घासाघीस करून पैसे टेकवतो. तशीच गोधडी शहरातल्या दुकानात काही हजारांना विकली जाते, तेव्हा तिच्यावर दुकानाचं नाव असतं. १८ हजार टाके घालणारीचं कुठेच नसतं. म्हणून मी या गोधडीच्या मागे एक पट्टी लावणार. आजीचं नाव, तुझं नाव, माझं नाव, साल, आणि आत काय आहे ते. आजीचं लुगडं आत आहे हे लिहिल्याशिवाय कुणाला कळणार?

आत्या: नाव आलं की वस्तू जपली जाते, आणि जपली की वापर थांबतो.

भाची: आणि नाव नसलं की कष्ट फुकट धरले जातात, आत्या. आजीनं दंड घातला तो आज तू मला दाखवलास म्हणून मला दिसला. तू नसतीस तर मी ते लुगडं फाटकं समजून कापलं असतं.

आत्या: हे मात्र खरं. लाव पट्टी. पण आतून लाव, पायाकडच्या कोपऱ्यात, सुती कापडाची, धुऊन न जाणाऱ्या दोऱ्यानं. तोंडाकडे नको, गालाला घासते.

भाची: आणि वापरायची ती मी रोज वापरणार. एवढं ठरलं.

आत्या: मग धुण्याचंही ठरव. हिवाळा संपला की कोमट पाण्यात धुवायची. ओली गोधडी फार जड होते. दोरीवर एका टोकाला टांगलीस तर तिच्याच वजनानं टाके तुटतील. दोन दोऱ्यांवर आडवी पसरायची, उलटी बाजू उन्हाकडे. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालायची नाही, कारण आतल्या थरांना वास लागतो.

भाची: झालं तर मग. आजच चौकोन कापते. ९६ झाले की उरलेलं सगळं वाटून टाकते. कपाट मोकळं.

आत्या: थांब. इथेच तुझा हिशेब चुकतोय. तू साठ्याला ओझं समजतेस. तीन वर्षांनी वरचा एखादा चौकोन विरेल, पायाकडची कड उसवेल. तेव्हा तू काय लावशील? त्या वेळी दुकानात हे कापड मिळायचं नाही. या १६ कापडांचे दोन-दोन हाताएवढे तुकडे आणि दुसरा काठ बांधून ठेव. गोधडीबरोबर तेही धुवायचे, म्हणजे तेही तेवढेच आटतील, त्यांचाही रंग तेवढाच उतरेल आणि ठिगळ वेगळं उठून दिसणार नाही. गोधडी एकदा शिवून संपत नाही. ठिगळावर ठिगळ चढत जातं, मधल्या काळात ती माणसं बदलत जाते, आणि चांगली ठेवली तर वीस-वीस वर्षं चालते.

भाची: म्हणजे साठा ठेवायचाच?

आत्या: ठेवायचा, पण कुठल्या तरी वस्तूच्या दुरुस्तीसाठी. ज्या कापडाची अशी वस्तू तुझ्याकडे नाही, ते कापड ज्याला लागेल त्याला दे. आणि यापुढे दुकानात एखाद्या कापडावर हात गेला की आधी स्वतःला विचार, हे कुठे लागणार आहे? वर, आत, की कडेला? जागा सांगता आली तर घे.